काळ्या फुल्या, लाल फुल्या

गल्लीत तिला सगळे रफूवाली म्हणत. कागदोपत्री नाव होतं, पण पस्तीस वर्षं जिनं लोकांच्या कोटांची आणि शालींची भोकं बुजवली तिला नावानं कोण हाक मारणार. एका मोठ्या इमारतीच्या जिन्याखाली तिचं टेबल होतं, टेबलावर एक दिवा, एक भिंग आणि सुयांची डबी. कापडाच्या आतल्या शिवणीतून त्याचेच चार धागे ओढून काढायचे आणि भोकावर ते आडवे-उभे असे घालायचे, की गिऱ्हाइकाला स्वतःचं भोक शोधून सापडू नये. एखादा माणूस कोट उलटासुलटा करून विचारी, "बाई, हा माझाच ना?" तेवढीच तिची शाबासकी.

मग लोक फाटलेलं टाकून नवं घेऊ लागले, आणि जिन्याखालची जागा लिफ्टला गेली. रफूवाली टेबल घरी घेऊन आली. हात रिकामे झाले याचं तिला फारसं काही वाटलं नाही, दुखत होतेच ते. पण डोळे रिकामे झाले, ते काही तिला सोसेना. कुणाकडे बसायला गेली की पडद्याच्या विणीत कुठे धागा सुटलाय ते पहिल्या घोटाच्या आत सांगून मोकळी. मुलगा म्हणायचा, "आई, लोक आपल्याला चहाला बोलावतात, तपासणीला नाही."

मुलगा स्वतः पाणीपुरवठ्यात मीटर तपासायचा, तेव्हा हे वेड घरात एकटीचंच होतं असंही नाही. त्याची बायको विद्यापीठात गोगलगायींवर संशोधन करत होती. लग्न ठरलं तेव्हा हे नातेवाइकांना सांगायचं कसं असा प्रश्न पडला. शेवटी "प्राण्यांच्या खात्यात आहे" असं सांगितलं, आणि पुढची दोन वर्षं सगळे तिला जनावरांची डॉक्टर समजून आपापल्या कुत्र्यांचे जुलाब विचारत राहिले.

तर ही सून एका सकाळी जेवणाच्या टेबलावर चौतीस डब्या मांडून बसली. विभागातलं टेबल चौघांत एक, म्हणून रजिस्टरवर सही करून शंख घरी आणले होते. एका डबीत एक जात, डबीत दहा-बारा रिकामे शंख. काही शर्टाच्या बटणाएवढे, काही कोटाच्या. सून एकेक शंख भिंगाखाली धरायची, मान वर करून कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करायची, पुन्हा मान खाली. तासाभरानं मान चोळायला लागली.

"काय गं भरतेस त्यात?" रफूवालीनं विचारलं.

"कोण कोणाच्या नात्यातलं ते काढायचंय, आई. चौतीस जाती, आणि एकेकीची अठ्ठावीस लक्षणं. आहे तर एक, नाही तर शून्य. सगळं भरून झालं की कॉम्प्युटर त्यावरून झाड काढून देतो. वंशवृक्ष."

"नातं काय तोंड बघून ठरवतात?"

"ह्यांचं तोंडच बघतात. आणि बेंबी."

सून चेष्टा करतेय असं वाटून रफूवाली जरा ताठ झाली. पण सुनेनं एक शंख उलटा करून तिच्या तळहातावर ठेवला. खाली, जिथून वळसे सुरू होतात तिथे, खरोखरच एक बारीक भोक होतं. दुसऱ्या शंखाला ते नव्हतं, बुजलेलं होतं. भोक आणि बुजलेलं भोक, दोन्ही रफूवालीच्या घरच्याच गोष्टी. तिनं आपलं भिंग आणलं, उजव्या डोळ्याला लावलं, आणि खुर्ची ओढली.

दहा मिनिटांनी म्हणाली, "ह्या सतरा नंबरच्या डबीत सहांना पट्टा आहे, पाचांना नाही. मग काय लिहिणार तू, शून्य की एक?"

सुनेचे हात थांबले. "एवढ्यात दिसलं तुम्हाला?"

"न दिसायला काय झालं. पाच बिनपट्ट्याचे आहेत की."

"मग दोन्ही लिहायचं. शून्य आणि त्याला लागून एक. म्हणजे ह्या जातीत कधी नसतो, कधी असतो. ह्यांना बदलती लक्षणं म्हणतात. बरेच जण ती सोडूनच देतात, कटकट नको म्हणून. माझा सगळा प्रबंध त्यांच्यावरच उभा आहे. ती धरली तर झाड जास्त खरं येतं का, एवढंच मला बघायचंय."

"सोडून कशी देतात? आमच्या माहेरी पाच भावंडं, त्यात दोघं डावखुरे. कोणी माझ्या आईला विचारलं असतं, तुमच्याकडे माणसं कुठल्या हाताची, तर दोघांना घराबाहेर काढून उत्तर दिलं असतं का तिनं?"

सून हसली. मग हसणं थांबवून तिनं ते वाक्य वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

त्या दिवसापासून रफूवाली बघायची आणि बोलायची, सून ऐकायची आणि टाइप करायची. "बेंबी, आहे. पट्टा, दोन्ही. दात, काहीच नाही." तोंडाच्या कडेचं मात्र तीन तऱ्हांचं होतं: पातळ कड म्हणजे शून्य, जाड म्हणजे एक, बाहेर वळलेली म्हणजे दोन. एकाच जातीत काही जाड आणि काही वळलेल्या निघाल्या की सून लिहायची बारा. "बारा नाही हो आई, एक आणि दोन," ती सांगायची, "वाचताना बारा वाटतं एवढंच. हे दोन आकडे दिसले की पुढचा प्रोग्रॅम समजतो, दोन्ही आहेत." अशी तीन तऱ्हांची आणखी पाच लक्षणं होती.

रफूवाली चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजी आकडे तिला मापाच्या टेपमुळे येत, पण पडद्यावरचे चौकोन तिच्या डोळ्यांत भरत नव्हते. हात लावता येत नाही अशा गोष्टीवर तिचा कधी भरवसा बसला नाही. आणि तिला तो तक्ता हवा होता. कुठल्या डबीशेजारी कुठली डबी शोभते ते तिला बघायचं होतं. म्हणून तिनं एका जुन्या चादरीचा काठ फाडून घेतला, त्यावर पेन्सिलीनं चौकोन आखले, चौतीस ओळी आणि अठ्ठावीस रकाने, आणि तोंडानं बोलता बोलता सुईनं टिपत गेली. नाही म्हणजे कोरं. आहे म्हणजे एक टाका. दोन नंबरचं रूप असेल तर दोन टाके. कधी नाही, कधी आहे, अशाला काळ्या दोऱ्याची फुली. आणि कधी हे रूप, कधी ते रूप, नुसती कोरी जागा कधीच नाही, अशाला लाल फुली.

"हे कशाला, आई? तक्ता आहे ना इथे," सून म्हणाली.

"तुझा तुला, माझा मला. वीज गेली तर तुझा दिसायचा नाही."

सोळा दिवस हे चाललं. डब्यांना आता टोपणनावं पडली होती. सतरा नंबरची थोरली, बावीस नंबरची धाकटी. दोघी सख्ख्या बहिणी आहेत असं रफूवालीनं पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं होतं. दोघींच्या अंगावर एकाच हातानं विणल्यासारखी बारीक रेघ होती आणि दोघींचे पट्टे असेच, कधी असलेले, कधी नसलेले. नऊ नंबरचा टोपीवाला. त्याची कड थोरलीसारखीच दुमडलेली, म्हणून तो त्यांचा चुलतभाऊ. सून म्हणायची, "तुम्ही आधीच लग्नं लावून टाकू नका, झाड येऊ द्या."

झाड आलं त्या दिवशी सून विभागातून लवकर घरी आली. चप्पल काढली आणि तशीच बाहेरच्या खोलीत बसून राहिली. रफूवालीनं पाण्याचा पेला समोर ठेवला. तिनं तो प्यायला नाही, नुसता फिरवत बसली.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"झाड बरोबर नाही म्हणाल्या."

"म्हणजे?"

"थोरली एका टोकाला आलीये, धाकटी दुसऱ्या टोकाला."

मॅडम म्हणजे सुनेच्या मार्गदर्शक. वीस वर्षांपूर्वी त्यांनी ह्या दोन्ही जाती आतून उघडून पाहिल्या होत्या, आणि आतली सगळी रचना सारखी निघाली होती. तेव्हा त्या बहिणी आहेत हे मॅडमनाही ठाऊक होतं. मग झाडानं त्यांची ताटातूट केली ती कशामुळे? तक्त्यात काहीतरी चुकीचं गेलंय म्हणून. आणि तक्त्यात काय गेलं? जे कुणीतरी पाहिलं ते.

सून तेवढ्यावरच थांबली. पण मुलगा घरी आला, त्याला आत नेऊन तिनं सगळं सांगितलं, आणि त्या घराच्या भिंती काही फार जाड नव्हत्या. "मी नेलेली एक डबी उघडून मॅडम म्हणाल्या, ज्या कोणी हे पाहिलंय त्यांची नजर कच्ची आहे. बदलती लक्षणं सगळी काढून टाक, उरलेल्यांवर प्रबंध लिही. उरतंय काय त्यात? एकवीस दिवस राहिलेत आणि मुदतवाढ आता मिळायची नाही."

रफूवाली स्वयंपाकघरात उभी होती. पस्तीस वर्षांत तिच्या हाताला कुणी नावं ठेवली असतील, उशिराला ठेवली असतील. नजरेला कुणी ठेवली नव्हती. आणि राग यावा तर तोही येईना, कारण आधी प्रश्न पडला तो वेगळाच. खरंच कच्ची असली तर? तर ह्या पोरीची तीन वर्षं आपण बुडवली, तीही मदत करायला म्हणून बसून.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जाते सांगून ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावली, दिवा मारला, पाटीवरची अक्षरं वाचून घेतली.

"उजवा डोळा चांगला आहे. डाव्यात मोतीबिंदू धरायला लागलाय."

"कधीपासून?"

"ते नाही सांगता येत. हळूहळू येतो, माणसाला कळत नाही."

कळत नाही, हेच तिच्या जिवाला लागलं. भिंग ती उजव्या डोळ्यालाच लावायची, खरं आहे. पण शेवटच्या दिवशी उजवा चुरचुरत होता म्हणून काही डब्यांना तिनं डावा लावला होता. किती डब्यांना? आठवेना. घरी आली तेव्हा हातात भाजी नव्हती, आणि ती का नाही हे सुनेनं विचारलं नाही, एवढी ती स्वतःच्या विचारात होती.

रफूवाली मात्र एकदा कोड्यात पडली की धागा सापडेपर्यंत सोडणारी नव्हे. भोक दिसलं की आधी ते कशानं पडलं ते बघायचं, हे तिनं तिच्या शिकवणाऱ्या बाईकडून घेतलं होतं. कसरीचं भोक वेगळं, ठिणगीचं वेगळं, खिळ्यात अडकून फाटलेलं वेगळं. न बघता बुजवलं की शेजारी दुसरं पडतं. तेव्हा पहिला प्रश्न असा होता: चूक डोळ्याची की नाही?

रविवारी सकाळी सून विभागात गेली तशी तिनं मुलाला खिडकीपाशी बसवलं.

"डब्यांवरचे नंबर कागद लावून झाक. मग उलटसुलट कर सगळ्या. मी परत बघते, पाचच लक्षणं, पण सगळ्या डब्यांची. तू माझ्या कापडावरून ताळा करायचा."

"मीटर तपासणाऱ्याच्या आईचंच मीटर तपासायचं?"

"बोलू नकोस, डबी दे."

तीन तास लागले. ती फक्त उजव्या डोळ्यानं बघत होती. मुलगा आधी कंटाळला, मग कापडाच्या ओळी शोधता शोधता स्वतःच त्यात गुंतला, आणि शेवटी तर ती बोलायच्या आधी पुटपुटायला लागला, "फुली असणार बघ, फुली." एकशे सत्तर जागा तपासून झाल्या. फरक आला दोन जागी. दोन्ही डब्या त्या शेवटच्या दिवसाच्या.

"एकशे सत्तरात दोन," मुलगा म्हणाला. "आमच्या खात्यात तुला बढती मिळेल."

रफूवालीनं त्या दोन चौकोनांना टाचण्या लावून ठेवल्या. दोन चुकांनी बहिणींची ताटातूट होते का, ते तिला ठाऊक नव्हतं. पण नजर कच्ची आहे असं म्हणण्याइतकं हे भोक मोठं नव्हतं. मग मॅडमना काय दिसलं?

संध्याकाळी सून आली तसं तिनं सरळ विचारलं. "मॅडमनी नेमकी कुठली डबी उघडली होती?"

सून चपापली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"भिंतीनं. डबी सांग."

"सतरा. थोरलीची. डबीत पाच शंख बिनपट्ट्याचे आहेत आणि तक्त्यात पट्ट्यापुढे सरळ एक लिहिलंय. मॅडम म्हणाल्या, पाहणाऱ्याला पाच शंख दिसलेच नाहीत."

रफूवालीनं कापड टेबलावर पसरलं. सतरावी ओळ, तिसरा रकाना. बोट ठेवलं. बोटाखाली काळी फुली होती.

"मी तुला दोन्ही म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी. सहा पट्ट्याचे, पाच बिनपट्ट्याचे."

"आठवतंय मला," सून हळूच म्हणाली. "आणि मी शून्य-एकच टाइप केलं होतं. तेही आठवतंय."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सासू-सुनेत असं बघणं झालं की पुढे काय होतं ते सांगायला नको. पण दोघींपैकी एकीच्याही तोंडावर खोटेपणा नव्हता, आणि ते दोघींनाही दिसत होतं. मुलगा दारातून म्हणाला, "मी बाहेर जाऊ का?" 

सुनेनं स्प्रेडशीट उघडली. सतरावी ओळ, तिसरा रकाना. एक. नुसता एक.

"माझाच हात चुकला असेल," ती म्हणाली.

"एक जागा चुकेल. बाकीचं वाच."

सून एकेक ओळ वाचू लागली आणि रफूवालीचं बोट कापडावरून सरकू लागलं. कोरं, कोरं, टाका, टाका. जुळत होतं. पहिली फुली आली. "काय आहे तिथे?" "एक." दुसरी फुली. "एक." तिसरी. "एक." सुनेचा आवाज बसत चालला. पाचव्या ओळीत फुली आली आणि सून म्हणाली, "बारा. म्हणजे एक आणि दोन. हे बरोबर आहे."

"थांब," रफूवाली म्हणाली. "ही लाल आहे."

त्यानंतर दोघींनी ओळी सोडल्या आणि फुल्यांच्याच मागे लागल्या. लाल फुल्या नऊ होत्या. नऊच्या नऊ जागी तक्त्यात दोन आकडे जसेच्या तसे. काळ्या फुल्या त्रेचाळीस. त्रेचाळीस जागी नुसता एक. एकही वाचली नव्हती.

"म्हणून कळलं नाही," सून स्वतःशीच म्हणाली. "वरवर बघितलं की मधे मधे दोन आकडे दिसतात. मॅडमनाही दिसले, मलाही. वाटलं, सगळे आहेत."

"हात त्रेचाळीस वेळा सारखाच कसा चुकेल? आणि लाल असली की एकदाही चुकत नाही?" रफूवालीच्या आवाजातली काळजी आता गेली होती. तिथे भिंग लावल्यावर यायचा तो सूर आला होता. "काळीत आणि लालीत फरक काय? लालीत एक आणि दोन. काळीत शून्य आणि एक. कोणीतरी शून्यच तेवढं उचलून नेतंय. माझ्यासमोर एक लिही बघू."

"काय लिहू?"

"तेच. जसं लिहायचीस तसं. मी आहे म्हणून सावकाश नको."

सुनेनं शून्य दाबलं, एक दाबला, खालचं बटण दाबलं, आणि सवयीनं तिची नजर पुढच्या चौकोनावर गेली. रफूवालीची गेली नाही. पस्तीस वर्षं तिनं सुईकडे बघून काम केलं नव्हतं. सुई निघून जाते, बघायचं असतं ते मागे राहिलेल्या टाक्याकडे.

"गिळलं," ती म्हणाली.

"काय?"

"शून्य. तू पुढे गेलीस आणि त्यानं मागे गिळलं. परत लिही, आणि पुढे बघू नकोस."

सुनेनं परत लिहिलं. शून्य-एक चौकोनात नीट उभं राहिलं. तिनं बटण दाबलं. शून्य गेलं, एक उरला.

सुनेनं तिसऱ्यांदा लिहून बघितलं, पुन्हा तेच. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला, पण हळू. "त्याला वाटतंय हा आकडा आहे. मोजायचा आकडा. एकाच्या आधीच्या शून्याला मोजायला किंमत नाही, म्हणून तो ते टाकून देतो. मी खूण म्हणून लिहितेय आणि तो हिशेब समजतोय. बारा त्याला बाराच वाटले, म्हणून ठेवले."

"म्हणजे तुझी ती दोन्हीवाली सगळी..."

"सगळी पट्टेवाली झाली. थोरलीही आणि दुसऱ्या टोकाच्या चार परक्या जातीही. पट्टाच नाही, बाकीच्या लक्षणांतही, जिथे धाकटीला नुसतं शून्य आहे तिथे ह्यांना सरसकट एक. म्हणून त्या परक्या थोरलीला येऊन चिकटल्या."

"न विचारता नीटनेटकेपणा करायला गेला," रफूवाली म्हणाली. "अशा माणसांच्या हातचं उसवायलाच जास्त वेळ लागतो."

सुनेनं सगळे चौकोन निवडले आणि त्या तक्त्याला एकदाचं बजावलं, की हे आकडे नव्हेत, अक्षरं समज, जसं लिहिलंय तसं ठेव. मग पुन्हा शून्य-एक लिहिलं. राहिलं. आता त्रेचाळीस जागा परत भरायच्या होत्या, आणि त्या कुठल्या हे साऱ्या जगात एका चादरीच्या काठालाच ठाऊक होतं. रफूवाली बोलत गेली, सून टाइप करत गेली, आणि ह्या वेळी दोघी मागे वळून बघत गेल्या.

बुधवारी डब्या घेऊन रफूवाली सुनेबरोबर विभागात गेली. लांब खोली, लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, प्रत्येक खणावर हातानं लिहिलेली चिठ्ठी. मॅडम पन्नाशीच्या होत्या, चष्मा डोक्यावर अडकवलेला आणि तोच टेबलावर शोधत होत्या.

"या माझ्या सासूबाई," सून म्हणाली. "लक्षणं यांनी पाहिलीत."

मॅडमचा हात कागदांवर थांबला. 'ज्या कोणी' म्हटलं होतं, ती 'ज्या कोणी' समोर उभी होती. "बसा ना," त्या म्हणाल्या, "तुम्ही शिक्षिका होतात का?"

"नाही हो. रफू करायची."

तिनं कापड पसरलं. सुनेनं शून्याची गोष्ट सांगितली, पण मॅडमचं अर्धं लक्ष कापडावर होतं. त्यांनी चष्मा शोधून घातला, एक ओळ निवडली, सुनेच्या पिशवीतून ती डबी काढली आणि शंख आणि फुल्या ताडून बघितल्या. मग दुसरी ओळ. मग तिसरी. पाचव्या ओळीनंतर म्हणाल्या, "मी काय बोलले होते ते तुमच्यापर्यंत पोचलंच असेल."

"पोचलं."

"मागे घेते."

"थांबा, सगळं नका घेऊ," रफूवाली म्हणाली, आणि टाचण्या लावलेले दोन चौकोन पुढे केले. "हे दोन माझे चुकलेत. अठ्ठावीस नंबर आणि एकतीस नंबर. मी एकशे सत्तर जागा परत तपासल्या तेव्हा कळलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि ह्या डब्या मी त्या डोळ्यानं पाहिल्या."

सुनेनं वळून बघितलं. डोळ्याचं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"भाजी आणायला गेले होते ना त्या दिवशी," रफूवाली म्हणाली, "तेव्हा."

मॅडमनी दोन्ही डब्या उघडून बघितल्या. "हो, चुकलंय," त्या म्हणाल्या. "एकाच माणसानं दोनदा बघायचं आणि किती जागी फरक येतो ते प्रबंधात लिहायचं, असा नियम आहे. बहुतेक जण दुसऱ्यांदा बघत नाहीत. एकशे सत्तरात दोन म्हणजे माझ्यापेक्षा बरं आहे."

ते दोन चौकोन सुधारून झाड निघायला दुपार झाली. पडद्यावर एकेक फांदी उमटत गेली आणि रफूवाली नंबर शोधत होती. सतरा आणि बावीस एकाच डहाळीवर, खांद्याला खांदा लावून. सुनेनं सासूचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. पण नऊ नंबर तिथे नव्हता. टोपीवाला पार खाली, भलत्याच लोकांत जाऊन बसला होता.

"हा इकडे कुठे गेला? ह्याची कड तर थोरलीसारखीच दुमडलेली आहे."

"कड सारखी आहे," मॅडम म्हणाल्या, "बाकी सत्तावीस लक्षणं निराळी. घरं वेगळी असली तरी कधी कधी कड सारखी येते."

रफूवालीनं विचार केला. दोन शिंपी, एकमेकांना न भेटलेले, दोघांनी काठ सारखाच दुमडला, कारण काठ टिकवायचा तर तसाच दुमडावा लागतो. असं ती बघत आली होती. "मग ह्याचे नातेवाईक कोण? कुठल्या डब्या?" तिनं खुर्ची पुढे ओढली. मॅडम उठून कपाटाकडे गेल्या.

घरी आल्यावर तिनं टाचण्या काढल्या आणि दोन चुकीचे टाके उसवले. सुईत दोरा ओवायला नेहमीप्रमाणे कापडाच्याच रंगाचा काढला, आणि थांबली.

"आई, दुरुस्ती दिसायला हवी," सून म्हणाली. "कुठे बदल केलाय ते कुणालाही सापडलं पाहिजे. आमच्यात तसंच करतात."

पस्तीस वर्षं न दिसण्यासाठी झटलेल्या हाताला हे जड गेलं. रफूवालीनं डबीत बोट घालून हिरवा दोरा काढला, झळझळीत, जो तिनं कधी कुणाच्या कोटाला लावला नसता, आणि त्या दोन जागी खरं होतं ते टाचलं. मग कापड लांब धरून आधी उजव्या डोळ्यानं बघितलं, मग डाव्या. डाव्यानंही ते हिरवं दिसत होतं, जरा धुरकट.

"पुढच्या महिन्यात करून घेऊ तो डोळा," मुलगा म्हणाला.

"आधी टोपीवाल्याच्या डब्या येऊ देत," ती म्हणाली.